२५ पौंडी तोफ आणि आपलं मेकॅनिक्स

सैनिकी स्मारकाच्या बागेत रंग दिलेली एक जुनी तोफ असते. आपण तिला टेकून फोटो काढतो आणि पुढे जातो. मित्रांनो, आपण इंजिनिअरिंगची मुलं, तेव्हा थोडं जास्त थांबायला हरकत नाही. उदाहरणासाठी मी २५ पौंडी तोफ घेतली आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि भारतीय तोफखान्याची ही मुख्य फील्ड गन. आपल्या सैन्याने ती १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतही वापरली. पुढे तिच्या जागी १०५ मि.मी.ची भारतीय फील्ड गन आली.

२५ पौंड हे गोळ्याचं वजन, म्हणजे सुमारे ११.३ किलो. सर्वात मोठ्या चार्जवर तो सेकंदाला साधारण ५२० मीटर वेगाने सुटतो. तोफ जवळपास १६०० किलोची. फर्स्ट इयरचं मोमेंटम लावा. गॅसचा वाटा सोडला तरी ती ताशी १३ कि.मी. वेगाने मागे पळायला हवी! जुन्या तोफा खरंच पळायच्या. प्रत्येक बारानंतर त्या ढकलून जागेवर आणा, परत नेम धरा. १८९७ च्या फ्रेंच ७५ मि.मी. तोफेने यावर उपाय दाखवला. चाकं जागेवर राहतात, नळी एकटी मागे सरकते. नळीखालच्या लांबट भागात तेल बारीक वाटेने दाबलं जातं, एनर्जी उष्णतेत जाते आणि दाबलेली हवा नळीला पुन्हा पुढे ढकलते. इंपल्स तेवढाच, पण वेळ दहापट केला की सरासरी बल दहावा हिस्सा. बाइकच्या शॉक ॲब्सॉर्बरचं हे थोरलं भावंड.

आता रेंज. ४० अंशांवर आपला प्रोजेक्टाइलचा फॉर्म्युला २७ कि.मी. देतो. प्रत्यक्षात गोळा जातो सव्वाबारा कि.मी. हॉस्टेलवर हे सांगितलं तर लगेच प्रश्न आला, "मग फॉर्म्युला चुकीचा?" चुकीचा नाही, त्यात हवाच धरलेली नाही! अर्ध्याहून जास्त रेंज हवा खाते.

कमी अंतरासाठी दारू कमी करतात. गोळा आधी ठासायचा, मग वेगळं काडतूस. त्यात लाल, पांढरी, निळी अशा पिशव्या. हव्या तेवढ्या ठेवायच्या, बाकीच्या काढायच्या. हे काम ऐकायला सोपं आहे. पण गोळे बऱ्याचदा आपल्याच पायदळाच्या डोक्यावरून जात असतात. घाईत एक पिशवी जास्त निघाली तर गोळा अलीकडे, आपल्याच माणसांत पडणार. आपल्या सबमिशनमध्ये चूक झाली तर फक्त रिपीट मिळतं.

आणि तोफेखाली मोठं लोखंडी चक्र दिसलं तर ती स्टेपनी नव्हे. ते जमिनीवर टाकून तोफेची चाकं त्यावर चढवत. मग रणगाडा कुठल्याही बाजूने येवो, शेपूट उचलून एकटा गडी अख्खी तोफ त्याच्याकडे फिरवू शकत असे. १९४१-४२ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात याचा फार उपयोग झाला.