बऱ्या दिवशीच जपा

प्रश्न : मला र्‍हुमॅटॉइड संधिवात आहे. बरं वाटलं की साचलेली कामं एका दमात उरकते, मग दोन दिवस अंथरुणात. काय करू?

उत्तर : ताई, घोळ बऱ्या दिवशीच होतो आहे. या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. त्याने दाह होतो आणि थकव्यामागे हा दाहही असतो. त्यामुळे अंग हलकं वाटलं तरी कामाचं माप वाढवू नका. दुखायच्या आधीच थांबा. पोळ्या बसून लाटा, जड पातेलं दोन्ही हातांनी उचला. (पुरणाचा घाट यंदा दुसऱ्या कुणाला तरी घालू द्या.) सतत झोपूनही राहू नका, सांधे आखडतात. सकाळचा ताठरपणा तासाहून जास्त टिकू लागला तर डॉक्टरांना लगेच सांगा. औषधं मात्र मनाने थांबवू नका.