परतीच्या पावसाचा आठवडा : हवामान अंदाज गावाने कसा वाचावा

घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंतचा महिना मराठवाडा व सोलापूर भागातील कोरडवाहू गावांना फार अवघड निर्णयांचा असतो. खरिपाचे सोयाबीन काढणीस आलेले असते किंवा कापून शेतातच पडलेले असते आणि त्याच वेळी रब्बी ज्वारीची पेरणी साधावयाची असते. सोयाबीनला कोरडे आकाश हवे, ज्वारीला जमिनीत ओल हवी. एकाच शेतकऱ्याच्या दोन तुकड्यांवर पावसाविषयी अशा दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. म्हणून 'या आठवड्यात पाऊस आहे काय?' या प्रश्नाचे नुसते होय किंवा नाही असे उत्तर गावाच्या कामाचे नसते. पाऊस कोणत्या दिवशी, किती आणि कोणत्या प्रकारचा, हे कळावे लागते.

पूर्वापार हे गणित नक्षत्रांवर मांडले जात आले आहे. सप्टेंबरच्या अखेरीस लागणारे हस्त नक्षत्र म्हणजे हत्तीचा पाऊस. हादग्याच्या पाटावर मुली हत्ती काढतात, तो याच पावसाचा. त्यानंतर चित्रा आणि स्वाती. या परंपरेत पिढ्यान् पिढ्यांचे निरीक्षण साठलेले आहे आणि ते टाकाऊ मानण्याचे कारण नाही. परंतु नक्षत्र हंगामाचा सर्वसाधारण कल सांगते. येत्या गुरुवारचे आकाश कसे असेल, हे ते सांगू शकत नाही.

'परतीचा पाऊस' या शब्दानेही काहीसा गैरसमज होतो. नैर्ऋत्य मोसमी वारे सर्वसाधारणपणे १७ सप्टेंबरच्या सुमारास पश्चिम राजस्थानातून माघार घेऊ लागतात आणि १५ ऑक्टोबरपर्यंत देशातून परततात. त्यांच्या परतण्याची खूण पाऊस नसून पावसाचे थांबणे आणि हवेतील बाष्प कमी होणे ही आहे. त्या संधिकाळात जो पाऊस पडतो तो दोन वेगळ्या कारणांनी पडतो, आणि आठवड्याचा अंदाज वाचताना हा भेद ध्यानी घेणे सर्वांत महत्त्वाचे होय.

पहिला प्रकार स्थानिक मेघगर्जनेचा. सकाळी आकाश निरभ्र असते, दुपारी ऊन तापते, जमिनीलगतची दमट हवा वर चढते आणि तिसऱ्या प्रहरी ढग उभे राहतात. असा ढग काही किलोमीटरांपुरता असतो. ओढ्याच्या अलीकडे पाणी वाहते आणि पलीकडे धूळ उडते, हा अनुभव गावोगावी आहे. असा पाऊस जिल्ह्यात होईल एवढे दोन-तीन दिवस आधी सांगता येते, पण कोणत्या शिवारात होईल हे काही तास आधीच कळू शकते. दुसरा प्रकार बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या प्रणालींचा. १३ ऑक्टोबर २०२० रोजी आंध्र प्रदेशात काकिनाड्याजवळ किनारा ओलांडलेली प्रणाली तेलंगणावरून पश्चिमेकडे सरकली आणि पुढील दोन दिवसांत सोलापूर, सांगली व पुणे जिल्ह्यांत मुसळधार पाऊस झाला. काढणीस आलेली पिके पाण्याखाली गेली. अशा प्रणालीचा मार्ग बहुधा काही दिवस आधी वर्तवता येतो. पहिल्या प्रकारच्या अंदाजावर पेरणी थांबवणे घाईचे ठरेल. दुसऱ्या प्रकारच्या अंदाजाकडे दुर्लक्ष करणे महागात पडेल.

भारतीय हवामान विभाग व कृषी विद्यापीठे यांच्या सहकार्याने तयार होणारी जिल्हानिहाय कृषी हवामान सल्ला पत्रिका दर मंगळवारी व शुक्रवारी निघते. तिच्यात पुढील पाच दिवसांचा अंदाज असतो. तिची भाषा ठरीव अर्थाची असते. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या क्षेत्रातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के केंद्रांवर. 'तुरळक ठिकाणी पाऊस' असा अंदाज असता गाव कोरडे राहिले, तर अंदाज चुकला असे होत नाही. 'मुसळधार' हा शब्दही सैल नाही. २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा अधिक पावसालाच तो लागू होतो. आणखी एक बारकावा शिक्षकांनी अवश्य समजावून द्यावा. पावसाचा दिवस सकाळी ८.३० वाजता संपतो. गुरुवारी सायंकाळी कोसळलेला पाऊस नोंदीत शुक्रवारच्या तारखेस दिसतो. वाद पुष्कळदा एवढ्यावरूनच होतात.

२४ ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीवरील अंदाजही उपलब्ध झाला आहे आणि 'मेरी पंचायत' या मोबाइल उपयोजनावर तो पाहता येतो. मात्र तो गणिती प्रतिमानातून आलेला असतो. गावाच्या शिवारात काय पडले ते गावानेच मोजले पाहिजे. शाळेच्या आवारात, झाडे व इमारतींपासून दूर एक साधे पर्जन्यमापक आणि शेजारी वही, एवढ्यावर हे होते. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर १ लिटर पाणी. २० मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दोन लाख लिटर. हे उदाहरण सोडवलेला विद्यार्थी घरी जाऊन वडिलांना ओलीचा हिशेब सांगू शकतो.

समजा, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातील शुक्रवारच्या पत्रिकेत शनिवार-रविवार कोरडे, सोमवारी तुरळक ठिकाणी मेघगर्जना आणि मंगळवारी बहुतांश ठिकाणी पाऊस, असे आहे. मग रविवार सायंकाळपर्यंत मळता येईल तेवढेच सोयाबीन कापावे. पीक उभे असता थोडा पाऊस सोसते. कापून पसरलेले भिजले तर दाणे शेंगेतच मोड धरतात, काळे पडतात आणि भाव उतरतो. कापलेल्या पिकाची गंजी उंचवट्यावर घालून ती ताडपत्रीने झाकावी. ज्वारीचे ठरवताना आधी जमीन पाहावी. ओल पुरेशी असेल आणि हलका पाऊस सांगितला असेल तर थांबू नये, कारण कोरडवाहू ज्वारीची शिफारस केलेली मुदत १५ ऑक्टोबरपर्यंतच आहे. मुसळधार पाऊस सांगितला असेल तर पेर दडपण्यापेक्षा वापशाची वाट पाहिलेली बरी.

या हिशेबात एक अडचण पत्रिकेत लिहिलेली नसते. अंदाज सर्वांना एकाच वेळी मिळतो, मळणीयंत्र मात्र पाळीने मिळते. दोन कोरड्या दिवसांत यंत्र आधी मोठ्या खातेदाराच्या शेतात जाते. एक-दीड एकरवाल्याची पाळी मंगळवारी येते आणि पाऊसही मंगळवारीच येतो. ताडपत्रीही बहुधा त्याच्याकडेच नसते. अंदाज फलकावर लिहून ग्रामपंचायतीचे काम येथे संपत नाही. शुक्रवारी सायंकाळी यंत्रमालक व शेतकरी यांना एकत्र बसवून, ज्यांचे पीक कापून उघड्यावर पडले आहे त्यांची रास आधी, असा क्रम ठरवून घेता येतो. त्याच बैठकीत मजुरांच्या वेळेचेही ठरवावे. मेघगर्जनेचा अंदाज असेल त्या दिवशी काम पहाटे सुरू करून दुपारी तीनपूर्वी आवरावे, 'दामिनी' उपयोजनावरील विजेच्या इशाऱ्याकडे एकाने लक्ष ठेवावे, आणि गडगडाट सुरू होताच बांधावरच्या झाडाखाली न थांबता सर्वांनी पक्क्या घराचा आसरा घ्यावा.