कमरेच्या तळाचा सांधा

कंबर दुखू लागली की मणक्यांमधली गादी सरकली असावी, असेच बहुतेकांच्या मनात येते. परंतु कित्येकदा या दुखण्याचे मूळ मणक्यांच्याही खाली असते. पाठीच्या कण्याच्या तळाशी त्रिकास्थी नावाचे पाचरीसारखे हाड असून त्याच्या दोन्ही अंगांना कमरेची रुंद हाडे जोडलेली असतात. या जोडांना त्रिक-श्रोणी सांधे म्हणतात. डॉक्टर त्यांना ‘सॅक्रोइलियॅक’ या नावाने ओळखतात. पाठीवर कमरेखाली ज्या दोन खळ्या दिसतात, त्यांच्या आसपास हे सांधे असतात.

धडाचा सारा भार या सांध्यांतूनच पायांकडे जातो. म्हणून त्यांच्या ठायी हालचालीपेक्षा बळकटी अधिक असते. जाड अस्थिबंधांनी ते आवळलेले असतात आणि त्यांची हालचाल जेमतेम दोन-चार अंशांची असते. गर्भारपणात हे अस्थिबंध सैल होतात. त्यामुळे त्या काळात अनेक स्त्रियांना हे दुखणे जडते.

१९०५ साली गोल्डथ्वेट व ऑसगुड या अमेरिकी वैद्यांनी या सांध्याकडे लक्ष वेधले. पुढे १९३४ मध्ये मिक्स्टर व बार यांनी सरकलेल्या गादीमुळे नस दाबली जाते हे दाखवून दिले आणि हा सांधा बराच काळ मागे पडला.

दोन प्रकारची दुखणी

जबलपूर हे कष्टकऱ्यांचे शहर आहे. मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास विड्या वळणाऱ्या स्त्रिया, भेडाघाटला संगमरवर कोरणारे कारागीर, १९०४ मध्ये सुरू झालेल्या तोफगाड्यांच्या कारखान्यातील कामगार, या साऱ्यांची कंबरदुखी कामामुळेच आली असे घरोघरी धरले जाते. पुष्कळदा ते खरेही असते. अशा दुखण्यात वेदना बहुधा एका बाजूला असते. जिना चढताना, एका पायावर भार देताना, अंथरुणात कूस बदलताना किंवा फार वेळ बसून उठताना ती वाढते आणि विश्रांतीने कमी होते.

मात्र दुसऱ्या एका प्रकारात नेमके उलट घडते. विशीतिशीतल्या तरुणाची कंबर हळूहळू दुखू लागते आणि महिनोन्‌महिने दुखत राहते. उत्तररात्री ठणक्याने जाग येते. सकाळी अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ कंबर आखडलेली राहते. कधी उजव्या, तर कधी डाव्या नितंबात कळ येते. चालू-फिरू लागल्यावर मात्र बरे वाटते. ही सांध्याच्या दाहाची लक्षणे होत. या रोगात पुढे पाठीचा कणाही ताठ होऊ शकतो. एचएलए-बी२७ या आनुवंशिक घटकाशी त्याचा संबंध असल्याचे १९७३ मध्ये आढळले. तथापि हा घटक असलेल्या प्रत्येकाला रोग होतोच असे नाही. क्ष-किरण चित्रात दोष दिसायला कित्येक वर्षे लागतात, एम. आर. आय. चित्रणात तो लवकर दिसतो. अशा तरुणाला ‘पडून राहा’ असा सल्ला देणे म्हणजे रोगाला मोकळे रान देणे होय.

कंबरदुखीबरोबर ताप येत असेल व वजन घटत असेल, तर सांध्याच्या क्षयाची शंका घेतलीच पाहिजे.

निदान आणि उपचार

केवळ एका खुणेवरून निदान होत नाही. सांध्यावर निरनिराळ्या दिशांनी ताण देऊन डॉक्टर वेदना पारखतात; तीन किंवा अधिक चाचण्यांत तीच वेदना उमटली, तर संशय बळावतो. क्ष-किरणांच्या साहाय्याने सांध्यात बधिर करणारे औषध टोचून त्याची खात्री करता येते. जबलपूर येथे १९५५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकणारे दुखणे अशा ठिकाणी दाखवावे.

ताणाने आलेल्या दुखण्यावर पोट, पाठ व नितंब यांच्या स्नायूंचा व्यायाम हा मुख्य उपाय होय. पट्टा बांधावयाचा तर तो कमरेच्या घेरावर नव्हे, तर खाली श्रोणीभोवती बांधावा. दाहजन्य रोगात रोजच्या व्यायामाला दाहशामक औषधांची जोड लागते. तीही पोट व मूत्रपिंडे यांचा विचार करून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. तेवढ्याने भागले नाही, तर नवी जैविक औषधे देतात. पण ती देण्यापूर्वी शरीरात सुप्त क्षय नाही ना, हे तपासणे आवश्यक असते. शस्त्रक्रिया हा अगदी शेवटचा मार्ग आहे.

काम सोडणे सर्वांनाच परवडत नाही. म्हणून ते करण्याची रीत बदलावी. विड्या वळणारीने दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे व मांडी बदलून बसावे. उभे राहताना दोन्ही पायांवर सारखा भार द्यावा. कुशीवर निजताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. हाडवैद्याकडून कंबर झटक्याने मोडून घेण्याचा मोह टाळावा. आणि डॉक्टरांकडे गेल्यावर ‘कंबर दुखते’ एवढेच न सांगता, ती विश्रांतीने थांबते की हालचालीने, हे आवर्जून सांगावे. पुष्कळदा उपचाराची दिशा या एका उत्तरावरच ठरते.