हिरवी वाट : गाड्या नसलेल्या रस्त्याचा एक पाठ



पाचवीच्या वर्गात वाहतुकीचा घटक चालू होता. बस, रेल्वे, जहाज, विमान मुलांना आधीच पाठ असतं, म्हणून मी मोबाईलवर फ्रान्समधल्या ब्रिटनी भागातला एक छोटा व्हिडिओ दाखवला. कालव्याच्या काठाने जाणारी बारीक खडीची वाट, दोन्ही बाजूंना झाडी, आणि सायकलवर आईवडील व दोन लहान मुलं. पूर्ण व्हिडिओत एकही गाडी आली नाही. संपल्यावर एका मुलीने विचारलं, "बाई, तिथं गाड्या का येत नाहीत? पोलीस उभा असतो काय?"

मी "तिकडं लोकांना शिस्त असते" असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी आल्यावर ते उत्तर मलाच टोचत राहिलं. आमची शाळा पाचवीपर्यंतच आहे. पुढच्या वर्षी ही मुलगी चार किलोमीटरवरच्या गावात सहावीला जाणार, तेही उसाच्या ट्रॉल्या धावतात त्याच रस्त्याने. तिचा प्रश्न फ्रान्सबद्दल नव्हताच मुळी. मग आठ दिवस जमेल तसं वाचलं, नकाशे पाहिले आणि तोच घटक पुन्हा घेतला. (फ्रान्सला मी गेलेले नाही, हे मुलांनाही आधीच सांगून टाकलं.)

आधी शिस्तीचं बघू. फ्रान्समध्ये अशा वाटेला 'व्वा व्हेर्त' म्हणतात, म्हणजे हिरवी वाट. हे नुसतं कौतुकाचं नाव नाही. २००४ साली तिथल्या वाहतूक कायद्यात त्याची व्याख्या आली : मोटार नसलेली वाहनं, पायी चालणारे आणि घोडेस्वार यांच्यासाठीच राखलेला मार्ग. निळ्या चौकोनी पाटीवर माणूस आणि सायकल अशी चित्रं असतात. रस्ता ओलांडावा लागतो तिथे वाटेच्या तोंडाशी बहुधा खांब किंवा आडवा अडसर असतो. सायकल जाते, मोटार जात नाही. म्हणजे पोलीस नाही, पण नियम आहे आणि खांबही आहे. पहिली अशी मोठी वाट १९९७ मध्ये बर्गंडीत झाली, जिव्ह्री ते क्लुनी, सुमारे ४४ किमी. तीही बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर.

इथे मला खरी गोष्ट सापडली. या वाटा सायकलसाठी कुणी बांधल्याच नव्हत्या.

व्हिडिओतला कालवा नांत ते ब्रेस्त असा आहे, सुमारे ३६४ किमी लांब. नेपोलियनच्या काळात इंग्रजांच्या आरमाराने ब्रेस्त बंदराची समुद्रावरून कोंडी केली होती. तेव्हा माल आतल्या आत, गोड्या पाण्यातून न्यायचा म्हणून हा कालवा ठरला. तो पूर्ण झाला १८४२ मध्ये! तोवर लढाई संपून पाव शतक उलटलं होतं आणि नेपोलियनही राहिला नव्हता. ग्लोमेल गावाजवळ डोंगर कापून जवळपास तीन किलोमीटरचा खोल चर खणावा लागला. तो १८२३ ते १८३२ या काळात ब्रेस्तच्या तुरुंगातल्या सक्तमजुरीच्या कैद्यांकडून खणून घेतला. आज तिथे झाडांची सावली आहे, लोक डबा उघडून बसतात. मुलांना हे सांगितलं तेव्हा वर्ग गप्प झाला. "त्यांना पैसे मिळाले का?" हा पहिला प्रश्न. सक्तमजुरी म्हणजे काय, यावर तो तास गेला, आणि जाऊ दिला.

काठाची वाट कशासाठी? होड्यांना इंजिन नव्हतं. काठावरून घोडे, कधी माणसंसुद्धा, दोराने होडी ओढायची. ओढणाऱ्यासाठी वाट सलग हवी, सपाट हवी आणि पाण्याला लागून हवी. आज सायकलवाल्याला नेमकं तेच मिळतं. होड्यांतून जाणाऱ्या मालात शातोलँ भागातला छपराचा स्लेट दगडही होता. आपल्या जुन्या पाटीचा असतो ना, तसलाच. एका मुलाने दुसऱ्या दिवशी आजीची पाटी दप्तरातून आणली.

आता चढाचं. कालव्याचं पाणी तर सपाट राहणार आणि ग्लोमेलजवळचा सगळ्यात उंच भाग समुद्रसपाटीपासून १८४ मीटरवर आहे. मग होडी चढते कशी? उत्तर आहे जलपाश, म्हणजे पाण्याचा जिना. दोन दरवाजांमधल्या हौदात होडी घ्यायची, खालचा दरवाजा बंद करायचा, वरून पाणी सोडायचं. होडी दोन-तीन मीटर वर येते, मग वरचा दरवाजा उघडायचा. या कालव्यावर असे २३० हून जास्त जलपाश बांधले गेले. मुलांनी भागाकार केला : ३६४ भागिले २३०, म्हणजे सरासरी दीड किलोमीटरला एक. मग पाँतिवी ते रोआँ हा पट्टा दाखवला. तिथे २५ किमीच्या आतबाहेर ५० हून जास्त जलपाश आहेत. सरासरी काय सांगते आणि काय लपवते, हे शिकवायला मला याहून सोपं उदाहरण मिळालेलं नाही. सायकलवाल्याला मात्र हा पूर्ण डोंगर छोट्याछोट्या उंचवट्यांत विभागून मिळतो : थोडं सपाट, जलपाशापाशी लहानसा चढ, पुन्हा सपाट. म्हणून आठ वर्षांचं पोरही तिथे दमत नाही.

मोर्ले ते कारे ही दुसरी वाट मीटरगेज रेल्वेची आहे. ती गाडी १९६७ मध्ये बंद झाली. रूळ गेले, पण जमिनीची पट्टी तुकड्यातुकड्याने कुणाच्या वावरात न जाता सलग उरली. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे ही वाटही सौम्य.

माझा सगळ्यात आवडता भाग गेर्लेदाँचा. १९२३ ते १९३० मध्ये तिथे विजेसाठी धरण बांधलं आणि कालव्याचे १७ जलपाश पाण्याखाली गेले. कालवा मधेच तुटला. २०१५ मध्ये तपासणीसाठी तलाव रिकामा केला, तेव्हा ते बुडालेले जलपाश आणि राखणदारांच्या घरांच्या भिंती पुन्हा दिसल्या. आपल्याकडे धरणातलं पाणी आटलं की जुनी देवळं दिसतात, ते मुलांना लगेच आठवलं. सायकलवाले या तुटलेल्या जागी जुन्या रेल्वेच्या वाटेवर वळतात आणि तलाव ओलांडून पुन्हा कालव्याला येऊन मिळतात.

सायकलबद्दलही विचारणा झालीच. खडीवर चालते तिला ग्रॅव्हल बाईक म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलसारखं वाकडं, पण टायर रुंद, साधारण ३५ ते ५० मिलिमीटर, आणि हवा कमी. हवा कमी असली की टायर खड्यावर थोडा दबतो, उसळत नाही. मुलांना मोजपट्टी घेऊन घरी पाठवलं. आजोबांच्या काळ्या सायकलच्या टायरवर '२८ × १½' लिहिलेलं असतं. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर! लाखभर रुपयांच्या ग्रॅव्हल बाईकएवढाच रुंद टायर गोठ्यात टेकवून ठेवलाय, हे कळल्यावर काय हशा झाला.

पालक सभेत हा विषय निघाला तेव्हा एक दादा म्हणाले, "मग आपल्या कॅनॉलच्या भरावावरनं पाठवू की पोरांना." मी स्पष्ट नाही म्हटलं. आपला कालवा शेतीच्या पाण्याचा, काठ उतरते, पाण्याला ओढ, आणि पडलेलं मूल स्वतःहून वर येऊ शकत नाही. चित्र सारखं दिसलं म्हणून वाट सारखी होत नाही. पालकांनो, कृपा करून हा प्रयोग करू नका.

पण एका आजोबांनी पाणंदीचं नाव काढलं. शेजारच्या गावाला जाणारी जुनी गाडीवाट होती, बैलगाड्या तिथूनच जायच्या. मग तलाठ्यांकडून गावनकाशा मिळवला, मुलांनी त्यावर पाणंद लाल पेन्सिलीने गिरवली आणि एका शनिवारी पालकांसह आम्ही चालत गेलो. दोरीने मोजत, वहीत लिहीत. पहिले नऊशे मीटर वाट आहे. पुढे घाणेरी आणि बाभळी, वाकून जावं लागतं. मधला काही भाग नांगरून उसात गेलेला आहे. ज्यांचा ऊस आहे, त्यांची नात माझ्याच वर्गात आहे. मोजणीच्या दोरीचं एक टोक तिच्याच हातात होतं.

वही आता शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवली आहे. बैठक पुढच्या मंगळवारी.