विजयानंतरचे वर्ष

गेल्या वर्षी तालुक्याच्या आंतरशालेय स्पर्धेत आमच्या शाळेच्या फुटबॉल संघाने ढाल जिंकली, तेव्हा मुलांनी ती पेडण्याच्या बाजारातून वाजतगाजत आणली. यंदा आमचा संघ पहिल्याच सामन्यात बाद झाला. दुसऱ्या दिवशी वर्गात कोणी मैदानाला दोष देत होते, कोणी पंचांना. दोघा विद्यार्थ्यांनी तर ‘आता आम्ही खेळणार नाही’ असे सांगून आपले बूट शाळेच्या कपाटात टाकले. त्यांची समजूत कशी घालावी, या विचारात असता आम्हांस आपल्याच गोमंतकातील एका नामांकित संघाची हकीकत आठवली. ती सर्वच विद्यार्थ्यांनी वाचावी अशी आहे.

हा संघ म्हणजे धेंपो स्पोर्ट्‌स क्लब. त्याचे मूळ आपल्या शेजारच्या डिचोलीतील एका क्रीडामंडळात आहे. पुढे धेंपो उद्योगसमूहाने तो हाती घेतला. हा व्यावसायिक संघ होय. म्हणजे त्यातील खेळाडूंस खेळण्याबद्दल वेतन मिळते व खेळ हेच त्यांचे काम असते. २००० साली आर्मांदो कुलासो हे प्रशिक्षक झाले आणि संघाचा भाग्योदय सुरू झाला. राष्ट्रीय फुटबॉल लीगचे अजिंक्यपद त्याने २००४-०५ व २००६-०७ या मोसमांत मिळविले. या स्पर्धेच्या जागी आय-लीग आली, तेव्हा २००७-०८ चे पहिलेच अजिंक्यपद त्याने जिंकले. त्यानंतर २००९-१० व २०११-१२ चेही. आठ मोसमांत पाच अजिंक्यपदे! कलकत्त्याच्या मोहन बागान व ईस्ट बंगाल या जुन्या संघांनाही तोवर हे साधले नव्हते.

हे यश सुखासुखी मिळालेले नव्हते. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात संघाचा ब्राझिली खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर याने दोन गोल केले आणि त्याच सामन्यात मैदानावर कोसळून त्याला मरण आले. चषक मिळाला, पण सोबती गेला. अशा दुःखात असलेल्या संघाने त्याच मोसमात लीगही जिंकली. समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा या खेळाडूंची नावे त्या काळी गोव्यात घरोघर झाली. रँटी मार्टिन्स या नायजेरियन खेळाडूने २०११-१२ साली २६ सामन्यांच्या मोसमात ३२ गोल केले.

आणि तीनच वर्षांनी, २०१५ च्या मे महिन्यात, हा पाच वेळचा विजेता खालच्या श्रेणीत उतरला.

येथे लीग म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. आपल्या शालेय स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या असतात. एक दिवस वाईट गेला की सारे संपले. साखळी स्पर्धेत प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळतो. २०१४-१५ च्या आय-लीगमध्ये ११ संघ होते. म्हणून प्रत्येकाच्या वाट्यास २० सामने आले. विजयास ३ गुण, बरोबरीस १, पराभवास शून्य. अखेरीस गुण कमी पडले तर श्रेणी जाते. वीस सामन्यांच्या हिशेबात एका दिवसाच्या दैवाला किंवा एका पंचाच्या चुकीला फारसे स्थान उरत नाही. मागील अजिंक्यपदांचे तर तेथे अर्ध्या गुणाइतकेही मोल नसते.

मग असे का घडले? कारणे अनेक असतात. रँटी मार्टिन्स २०१२ साली दुसऱ्या संघात गेला. कुलासो यांनी २०१३ साली तेरा वर्षांनंतर प्रशिक्षकपद सोडले. ज्या गोमंतकीय खेळाडूंची नावे वर दिली आहेत, ते चौघेही १९७९ ते १९८२ या काळात जन्मलेले. म्हणजे शेवटच्या अजिंक्यपदाच्या वेळीच ते तिशीच्या उंबरठ्यावर होते किंवा त्यांनी ती ओलांडली होती. २०१४ च्या ऑक्टोबरात इंडियन सुपर लीग सुरू झाली व देशातील फुटबॉलची सारी घडीच बदलली. यांपैकी कोणतीही गोष्ट एका रात्रीत झाली नाही. माणसाचे वय तर जिंकत असतानाही वाढतच असते. आपल्या पेडण्याचा शेतकरी भरघोस पीक आले म्हणून सगळे भात खाऊन टाकीत नाही. वायंगणाचे बियाणे तो आधी वेगळे काढून ठेवतो. विजयी संघासही सुगीच्या दिवसांतच बियाण्याची काळजी वाहावी लागते.

पुढची हकीकत अधिक महत्त्वाची आहे. खालच्या श्रेणीत गेल्यावर संघ विस्कटला नाही. पुढच्याच मोसमात, २०१६ साली, त्याने दुसऱ्या श्रेणीचे अजिंक्यपद मिळविले व वर जाण्याचा हक्क परत कमावला. पण देशातील लीगच्या नव्या रचनेची योजना न पटल्यामुळे साळगावकर व स्पोर्टिंग या गोव्याच्या संघांप्रमाणे त्यानेही त्याच वर्षी आय-लीगमधून माघार घेतली. त्यानंतरची वर्षे गोव्यातील मैदानांवर, तरुण खेळाडू घडविण्यात गेली. २०२४-२५ च्या मोसमात संघ पुन्हा आय-लीगमध्ये उतरला. २०१५ साली धेंपो खाली गेला, त्याच वर्षी मोहन बागानने तब्बल तेरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हे लिहीत असता आम्हांस आमचीच चूक दिसू लागली. गेल्या वर्षीच्या विजयी संघातील सात मुले दहावीची होती. ती शाळा सोडून गेली. ढालीच्या मोहाने आठवीच्या एकाही मुलास आम्ही गेल्या वर्षी सामन्यात उतरविले नाही. यंदाचा पराभव गेल्या वर्षीच्या आनंदातच पेरला गेला होता. तेव्हा दोष मैदानाचा नव्हे, पंचांचाही नव्हे. आणि त्या दोघा मुलांचा तर मुळीच नव्हे.

पालकांसही एक विनंती आहे. ‘हरलात ना, आता पुस्तके धरा’ असे मुलांना म्हणू नये. पुस्तके धरावीतच, पण एका परीक्षेत गुण कमी पडले म्हणून कोणी शाळा सोडीत नाही, तसे एका सामन्यापायी मैदानही सोडू नये.

येत्या सोमवारपासून शाळा सुटल्यावर पुन्हा सराव सुरू होईल. यंदा आठवीच्या मुलांनीही यावे. बुटांचे ते दोन जोड अजून कपाटात आहेत. आम्ही ते पुसून ठेविले आहेत.