खर्चाची मर्यादा

शास्त्रपाठ : १ तीमथ्य ६:६-१०, लूक १२:१५

साधेपणा म्हणजे दारिद्र्य नव्हे. ज्याच्या घरी दोन वेळची भाकर नाही, त्यास काटकसरीचा उपदेश करणे म्हणजे त्याच्या दुःखाची थट्टा होय. साधेपणाची खरी कसोटी मिळकत वाढते तेव्हा लागते.

जॉन वेस्ली (१७०३-१७९१) यांनी एका प्रवचनात ऑक्सफर्ड येथील एका तरुणाचा हिशेब सांगितला आहे. तो तरुण म्हणजे स्वतः वेस्लीच, असे मानले जाते. पहिल्या वर्षी त्याची मिळकत ३० पौंड होती. २८ पौंडांत निर्वाह करून त्याने २ पौंड दान दिले. पुढे मिळकत ६०, मग ९०, मग १२० पौंड झाली. खर्च मात्र २८ पौंडच राहिला. चौथ्या वर्षी ९२ पौंड गरिबांस मिळाले. १७७६ साली सरकारने वेस्लींस चांदीच्या भांड्यांविषयी विचारले, तेव्हा त्यांनी कळविले की, आपल्यापाशी लंडनात दोन व ब्रिस्टलात दोन चमचे आहेत. भोवती इतके लोक भाकरीवाचून असता आपण अधिक घेणार नाही.

१७४६ साली त्यांनी लंडन येथे वर्गणी जमवून गरिबांसाठी कर्जाऊ निधी उभारला. गरजूस लहानशी रक्कम मिळे व ती तीन महिन्यांत फेडावी लागे. एकाने आवरलेला हात दुसऱ्यास सावरतो तो असा.

आता आपणांकडे पाहू. शेजाऱ्याच्या लग्नात पाचशे पाने उठली, म्हणून आपण सहाशे उठवितो. मांडव एका दिवसात उतरतो. कर्ज मात्र पुढच्या सुग्या खाऊन टाकते, आणि पहिली शाळा सुटते ती मुलीची. ‘लोक काय म्हणतील?’ असे आपण म्हणतो; पण ते लोक कर्ज फेडावयास येत नाहीत.

म्हणून आम्ही सुचवितो की, लग्नाची तारीख ठरविण्यापूर्वी खर्चाचा आकडा ठरवावा, तो वहीत लिहावा आणि दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी त्यास संमती द्यावी. उपदेशकांनी व पंचांनी हा नियम प्रथम आपल्याच घरी पाळावा. तसे न केल्यास त्यांचा बोध कोण ऐकेल?

विचारार्थ प्रश्न
१. गेल्या वर्षी आमची मिळकत वाढली असल्यास ती वाढ कोठे गेली?
२. आमचा कोणता खर्च केवळ लोकलाजेस्तव होतो?
३. तो टाळल्यास मंडळीतील कोणाचे ओझे हलके होईल?