थंडी खालून येते

पांघरुणं वाढवत जाऊ नको माय, आधी अंथरूण बघ. लेकराला गारठा लागतो तो बहुतेक वेळा खालून, नाहीतर ओलीतून. आपल्या धर्माबादेत दिवाळीनंतर दिवसा ऊन टोचतं आणि पहाटे बोटं वळत नाहीत. पौषात रात्री पारा दहा-बारा अंशांवर उतरतो, एखाद्या साली त्याच्याही खाली जातो. माळवदाच्या जुन्या घरात मातीचं जाड छप्पर दिवसाची ऊब धरून ठेवायचं. आता बहुतेकांच्या डोक्यावर पत्रे आलेत. पत्रा अंधार पडला की गार होतो आणि पायाखालची शहाबादी फरशी अंगातली ऊब ओढून घेते. पत्र्याखाली जुन्या साडीचं छत ताणून बांध, खूप फरक पडतो.

लेकराला जमिनीवर झोपवायचं असेल तर आधी चटई, तिच्यावर सतरंजी आणि मग वाकळ. वर एक पांघरूण घालायचं तर खाली दोन अंथरायची, एवढा हिशेब धर. बाजेवर झोपवलं म्हणजे जमिनीच्या गारव्यातून सुटलं असं वाटतं, पण नवारीच्या फटींतून वारा वर येतो. तिथं तर वाकळ दुहेरी घालावी लागते. झोळीचंही तेच. दुपारच्या डुलकीला झोळी छान, पण रात्री ती चहूकडून वाऱ्यात असते, शिवाय तान्ह्याची मान पुढं दुमडते. झोळीत झोप लागली की उचलून अंथरुणावर ठेवायचं, आणि पाठीवरच ठेवायचं. पालथं नको, कुशीवरही नको.

तान्ह्याला नव्यानं पिंजून भरलेली मऊ गादी देऊ नको. अंग आत रुतलं की तोंडही रुततं. घट्ट, ताणून अंथरलेली वाकळ त्याला बरी. उशी नको, लोड नको, कडेला रचलेले कपड्यांचे गठ्ठे नकोत.

आता ओलीचं ऐक. हंडाभर पाणी घटकाभर कोमट राहतं आणि वाटीभर लगेच गार होतं, तसं लहान अंगाचं असतं. नवं जन्मलेलं लेकरू तर आपल्यासारखं कुडकुडूनही ऊब काढू शकत नाही. त्याला अर्धा तास ओल्या बाळुत्यात ठेवलं तर वर कितीही रजया घातल्या तरी उपयोग नाही. रबरी कापड अंथरलंस तर त्याच्यावर सुती घडी हवीच, नुसतं रबर पाठीला गार लागतं. एक कोरडं बाळुतं, एक झबलं आणि एक दुपटं रात्री तुझ्या स्वतःच्या पांघरुणात घेऊन झोप. तुझ्या अंगानं ते कोमट राहतं, आणि बदलताना लेकरू दचकून रडत नाही. तीन-चारच्या सुमाराला हात घालून बघायचंच, कारण तिथून उजाडेपर्यंत गारठा वाढतच जातो.

घामाची ओल लोकांच्या लक्षात येत नाही. आपल्याला थंडी वाजते म्हणून लेकराला एकावर एक स्वेटर चढवतात, ते आतून घामेजतं, आणि पहाटे तोच घाम गार पडतो. हाताचे पंजे गार लागले म्हणून घाबरू नको. मानेमागं आणि पोटाला तुझ्या हाताची पाठ लावून बघ. मान ओली असेल तर एक कपडा काढ. पोट गरम आणि पावलंही गरम असतील तर सगळं ठीक. पोट गरम पण पावलं गार असतील तर गारठा चढायला लागलाय, छातीशी घे. आणि पोटही गार, लेकरू मलूल, दूध ओढत नाही, असं झालं तर घरच्या उपायांत वेळ घालवायचा नाही. त्याला उघड्या अंगानं तुझ्या उघड्या छातीशी लाव, दोघांवर मिळून पांघरूण घे आणि १०८ ला फोन लाव. दवाखान्यात पोचेपर्यंत ते छातीवरून हलवू नको.

छातीशी धरणं ही आपल्या आज्या-पणज्यांची चाल. १९७८ मध्ये कोलंबियात बोगोटाच्या दवाखान्यात काचपेट्या कमी पडायच्या, तेव्हा डॉक्टर एडगर रे यांनी कमी दिवसांची लेकरं आयांच्या छातीला बांधून ठेवायला सुरुवात केली. आज जगभरचे डॉक्टर तेच सांगतात. आपल्याकडं गडचिरोलीत डॉक्टर अभय बंग आणि राणी बंग यांनी खेड्यातल्या बायांना तान्ह्यांची काळजी घ्यायला शिकवलं. अंग गार पडणाऱ्या, कमी वजनाच्या बाळांसाठी त्यांच्याकडं उबदार झोपपिशवी असायची. तिथं बाळमृत्यू किती घटले ते १९९९ साली छापून आलं, आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई तेच काम घेऊन दारोदार फिरू लागल्या. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरीही ४२ दिवसांत त्यांच्या सहा फेऱ्या व्हायला हव्यात. आशाताई आली की चहा देऊन वाटेला लावू नको. लेकराचं तापमान घ्यायला सांग आणि काखेत नळी कशी धरायची ते तूही शिकून घे.

झोपपिशवीची युक्ती घरीच कर. मऊ सुती साडीची दोन घड्यांची पिशवी शिव, गळा आणि हात मोकळे, खालून बंद. आत पाय पोटाशी दुमडता आले पाहिजेत. पाय सरळ करून करकचून बांधलं तर कमरेचा सांधा बिघडतो. अशी पिशवी घातली की वर्षाच्या आतल्या लेकरावर मोकळं पांघरूण घालावंच लागत नाही, आणि तोंडावर काही सरकण्याची भीती राहत नाही. टोपडं पहिल्या दिवसांत घालावं, विशेषतः वजन कमी असेल तर, पण नाडीशिवाय आणि अंगासरशी. लेकरू दोन-तीन महिन्यांचं होऊन भरलं की रात्री घरात टोपडं काढून ठेव. डोक्यातूनच त्याला जास्तीची ऊब बाहेर टाकायची असते. त्याला तुमच्या दोघांच्या मधे, तुमच्या जड रजईत घेऊ नको. हाताच्या अंतरावर त्याचं वेगळं अंथरूण असू दे.

शेगडीबद्दल मी कुणाचंच ऐकणार नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे ठेवायची चाल आपल्याकडं होती, आणि अजून कुणी म्हातारी तुला आग्रह करील. दार-खिडकी लावून खोलीत कोळसा धुमसत ठेवला की जो वायू भरतो त्याला ना वास असतो ना रंग, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. ओवा-शोपेची धुरी म्हणशील तर तान्ह्याच्या छातीत तोही धूरच. ऊबच हवी असेल तर गरम पाण्याची रबरी पिशवी अर्धा तास अंथरुणात ठेव, आणि लेकरू ठेवायच्या आधी बाहेर काढ. एक झरोका उघडा ठेव, फक्त त्याचा वारा लेकरावर येणार नाही असा.

पांघरुणं कधी काढायची? २९ ऑक्टोबरला बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे खाली येतात आणि गोदावरीत पाणी अडायला लागतं, तेव्हा पेटी उघडत जा. रजईचा कापूस दबून गठ्ठे झाले असतील तर पिंजाऱ्याकडून पिंजून घे. ऊब कापसाच्या वजनात नसते, त्यात अडकलेल्या हवेत असते. म्हणून दबलेली चार किलोची रजई फुललेल्या दोन किलोच्या रजईपुढं गारच पडते. पेटीत डांबराच्या गोळ्या टाकल्या असतील तर ते कपडे धुऊन, दोन-तीन दिवस कडक उन्हात घालून मगच लेकराजवळ आणायचे. त्या वासानं काही तान्ह्यांचं रक्त फुटून कावीळ होते. गोळ्यांऐवजी कडुलिंबाचा वाळलेला पाला घालत जा. आणि जानेवारीपासून आपल्या गावात मिरची येते, अंगणाअंगणात वाळत पडते. दुपटी, बाळुती तिच्या आसपास वाळत घालू नको, माडीवर ने. मिरची हाताळली असेल तर साबणानं हात धुऊन, पदर बदलूनच लेकराला घे.

थोरल्याची तऱ्हा वेगळी. चार वर्षांचं पोरगं रात्रभर पांघरूण लाथाडतं आणि तू रात्रभर उठून घालत बसतेस. त्यापेक्षा त्याला अंगभर कपडे घाल, आत सुती बनियन, वर पूर्ण बाह्यांचा सदरा, पायजमा आणि मोजे. मोज्यांचं रबर पोटरीला काचत नाही ना ते बघ. घोंगडी घालायची असेल तर तिच्या आतून जुनं लुगडं टाक, म्हणजे टोचत नाही. पांघरुणाची पायाकडची कड गादीखाली खोच, पण वरची छातीच्या वर जाऊ देऊ नको. निजायच्या आधी गरम वरणभात तूप घालून दे. पाणी संध्याकाळीच भरपूर पाज, झोपताना कमी, आणि निजवायच्या आधी सू करायला ने. रात्री गादी ओली केली तर ओरडू नको, नाहीतर भीतीनं ते तुला सांगायचं नाही आणि ओल्यातच पहाटेपर्यंत पडून राहील.